शिकवणाऱ्यांनी पुन्हा शिकायला बसावे का?

पियानो शिकवणाऱ्याचे काम जगात कुठेही एकट्याचेच असते. खोलीत एक वाद्य आणि एक विद्यार्थी, दार लावलेले. शेजारच्या गल्लीतला दुसरा शिक्षक तोच धडा कसा शिकवतो, हे त्याला अनेकदा आयुष्यभर कळत नाही. या एकटेपणावर इलाज म्हणून 1876 साली थिओडोर प्रेसर यांनी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेलावेअर या गावी संगीतशिक्षकांना एकत्र बोलावले, आणि त्यातून तिथली राष्ट्रीय संगीतशिक्षक संघटना उभी राहिली. युरोपातल्या पियानोशिक्षकांची स्वतंत्र संघटना त्यानंतर शंभरेक वर्षांनी, 1978 मध्ये, कॅरोला ग्रिंडिया यांनी लंडनमध्ये काढली. तिकडे आता सुटीच्या दिवसांत पियानोशिक्षकांची निवासी शिबिरे भरतात. शिक्षक तिथे एकमेकांसमोर वाजवतात, एकमेकांसमोर शिकवतात आणि आपल्या अडचणी मांडतात. आपल्याकडे पियानो मोजक्याच घरांत पोचला. गोव्यात चर्चच्या शाळांनी सुरांचे लेखन-वाचन शिकवले, 1952 मध्ये पणजीत अंतोनियो दी फिगेरेदो यांनी संगीत अकादमी काढली, मुंबई-पुण्यात मुले लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांना बसतात. पण मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात स्वरपट्ट्यांचे वाद्य म्हणजे पेटी. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी पियानोचीच. पॅरिसमध्ये 1842 साली अलेक्झांडर दबें यांनी पेटंट घेतलेले हे पायपेटीचे वाद्य कोलकात्याला आले, द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी ते हाताने भाता मारण्याजोगे केले, आणि पुढे ते भजनी मंडळापासून नाटकमंडळीपर्यंत सगळीकडे जाऊन बसले.

म्हणून प्रश्न असा : पियानोशिक्षक जसे शिबिरात जमतात, तसे याच पट्ट्यातल्या बोरगावात पेटी, कीबोर्ड आणि गाणे शिकवणाऱ्यांनी चार दिवस जमावे का? माझे उत्तर होय असे आहे. पण दुसरी बाजू दुबळी नाही, आणि ती तिच्या पूर्ण ताकदीनिशी पुढे आली पाहिजे. त्यासाठी संवादाचा आधार घेतो. आपल्याकडे तो जुनाच आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी 1910 पासून मराठीत लिहिलेली ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांतच रचली आहे. इथले बुवा आणि मास्तर ही खरी माणसे नव्हेत, या भागातल्या दोन भूमिका आहेत. बुवा जुन्या तालमीतले, भजन आणि ख्याल दोन्ही शिकवणारे. मास्तर शाळेत समूहगीत बसवतात आणि संध्याकाळी पेटीचे वर्ग घेतात.

बुवा : मास्तर, तुमचा हेतू चांगला आहे, पण मूळच चुकते आहे. गाणे शिकवायची विद्या गाण्यापासून वेगळी काढता येत नाही. माझ्या गुरूंनी मला कसे शिकवायचे हे कधी सांगितले नाही. त्यांनी मला शिकवले, आणि त्यातूनच मला शिकवता आले. समोरचे पोर कुठे अडते, त्याला आज पलटा द्यायचा की नुसता षड्ज लावायला बसवायचे, हे वर्षानुवर्षे शेजारी बसून कळते. चार दिवस सभागृहात वीस जणांबरोबर बसून ते कसे कळणार? दुसरे असे की प्रत्येकाची तालीम वेगळी आहे. ग्वाल्हेर घराण्याची रीत वेगळी, किराणा घराण्याची वेगळी, आणि आमच्या खंजिरी भजनाची तर त्याहून वेगळी. सगळ्यांना एका खोलीत बसवून एकच पद्धत सांगितली की ज्याची त्याची खासियत पुसली जाते. पियानोवाल्यांचे ठीक आहे. त्यांचे सगळे कागदावर छापलेले असते, लंडनचा आणि पणजीचा शिक्षक एकच पान उघडतो. आपले गाणे कागदावर मावत नाही. ज्याला शिकवणे सुधारायचे आहे त्याने स्वतःचा रियाज वाढवावा. त्याला शिबिराची गरज नाही.

मास्तर : बुवा, रियाजाबद्दल तुमच्याशी माझा वाद नाही. पण शिकवणाऱ्याला वेगळे शिकवावे लागते, ही कल्पना पियानोवाल्यांची नाही, आपल्याच थोरांची आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा नुसते गायक घडवून ते थांबले नाहीत. त्यांनी उपदेशक वर्ग चालवला. गावोगाव जाऊन शिकवतील अशी माणसे तयार करणे हे त्या वर्गाचे कामच होते. त्यांच्या शिष्यपरिवारातून पुण्यात विनायकराव पटवर्धनांचे, मुंबईत देवधरांचे विद्यालय उभे राहिले. ग्वाल्हेरचे उदाहरण तर तुम्हाला मानावेच लागेल. माधव संगीत महाविद्यालय 1918 मध्ये सुरू झाले. त्याआधी, 1917 मध्ये, ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंद्यांनी आपल्याकडचे काही गवई मुंबईला भातखंड्यांकडे धाडले. हे लोक कच्चे नव्हते. त्यांत राजाभैया पूंछवाले होते, शंकरराव पंडितांची तालीम घेतलेले, वय पस्तिशीचे. गाणे त्यांच्याजवळ होतेच. वर्गात वीस मुले समोर बसली की बंदिश लिहून कशी द्यायची, काल काय झाले आणि उद्या काय घ्यायचे हे कसे ठरवायचे, ते शिकायला ते गेले. परत येऊन राजाभैयांनी त्याच महाविद्यालयात पिढ्या घडवल्या, पुढे त्याचे प्राचार्यपद सांभाळले, आणि त्यांचे ग्वाल्हेरचे गाणे पुसले गेले नाही. त्याच 1917 मध्ये आळंदीला जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था काढली. कीर्तन तर घराघरांत वडिलांकडून मुलाकडे येतच होते. तरी कीर्तनकाराने एकत्र राहून अभ्यास करावा असे त्यांना वाटलेच ना?

इथे बुवांच्या एका मुद्द्याला अधिक वजन द्यायला हवे. ग्वाल्हेरचे गवई भातखंड्यांकडे गेले ते एका अधिकारी माणसाकडे गेले, आणि ते मनापासून शिकायला बसले. पलुस्करांचे उपदेशक त्यांच्या सहवासात वर्षानुवर्षे राहिले. आळंदीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. या तिन्ही उदाहरणांवरून शिकवणाऱ्याला शिक्षण लागते एवढे सिद्ध होते, चार दिवसांत ते होते असे सिद्ध होत नाही. बुवांनी नेमके तिथेच बोट ठेवले.

बुवा : तुमची उदाहरणेच तुमच्यावर उलटतात. तिथे दीर्घ सहवास होता. तुम्ही चार दिवस म्हणता. चार दिवसांत काय बदलेल ते नेमके सांगा. मोघम नको.

मास्तर : नेमके सांगतो. पहिली गोष्ट स्वरलेखनाची. तुम्ही म्हणालात गाणे कागदावर मावत नाही. खरे आहे, पण मुलाच्या वहीत आपण लिहून देतोच. भातखंडे पद्धतीत अक्षरावर टिंब म्हणजे तारसप्तक आणि अक्षराखाली टिंब म्हणजे मंद्र. पलुस्कर पद्धतीत अक्षरावरचे टिंब मंद्राचे, आणि तारस्वरावर उभी रेघ. म्हणजे तेच चिन्ह, आणि अर्थात दोन सप्तकांचे अंतर. तालाचेही तसेच. भातखंड्यांची सम फुलीने दाखवतात आणि खाली शून्याने, पलुस्करांची सम एक या आकड्याने आणि खाली अधिकच्या चिन्हाने. आता आपल्या भागाचा विचार करा. मध्य भारतातला शिक्षक मुले बसवतो ती कधी मिरजेत पाळेमुळे असलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेला, कधी खैरागडच्या संगीत विद्यापीठाच्या, कधी प्रयाग संगीत समितीच्या. एक संस्था महाराष्ट्रात, एक छत्तीसगडमध्ये, एक उत्तर प्रदेशात, आणि आपण मध्य प्रदेशात. वडिलांची बदली झाली, मूल एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे गेले, की त्याची जुनी वही नव्या ठिकाणी चुकीची वाचली जाते. हे सुधारायला दीर्घ सहवास लागत नाही. चार शिक्षक एक दुपार वह्या उघडून बसले की झाले.

दुसरी गोष्ट कानाची. सप्तकाचे बाराशे सूक्ष्म भाग मानले, तर तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा शुद्ध गंधार 386 वर येतो. बाजारातल्या बहुतेक पेट्यांचा गंधार 400 वर असतो, कारण पेटीचे बारा स्वर पियानोसारखेच समान अंतरावर लावलेले असतात. पंचमात फरक जेमतेम दोन भागांचा, म्हणून तिथे काही खटकत नाही. गंधारात चौदा आणि धैवतात सोळा भाग चढे. मींड तर पेटीवर नाहीच. आकाशवाणीने 1 मार्च 1940 पासून पेटीला दार बंद केले त्यामागे हीच कारणे सांगितली गेली, आणि ती बंदी सैल व्हायला 1971 उजाडले. बंदी अन्यायाची होती असेच मी म्हणेन. गोविंदराव टेंबे, गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी या वाद्यातून काय काढले ते साऱ्या महाराष्ट्राने ऐकले. पण बंदीमागचा कानाचा मुद्दा खोटा नव्हता. जे मूल पहिली पाच वर्षे फक्त पेटीच्या मागे मागे गाते, त्याचा गंधार चढा बसतो, आणि पुढे तंबोऱ्याबरोबर ते गोंधळते. मग पेटी केव्हा धरायची आणि केव्हा थांबवून मुलाला नुसत्या षड्ज-पंचमावर सोडायचे? याचे उत्तर ज्यांना सापडले आहे त्यांनी ते दुसऱ्यांसमोर करून दाखवायला हवे. लेख वाचून ते कळत नाही, ऐकूनच कळते.

तिसरी गोष्ट पट्टीची. पुरुष शिक्षक काळी एक किंवा काळी दोनमध्ये गातो, आणि मुलीला तिथेच गायला लावतो, कारण त्याला तिथे सोपे जाते. मुलगी खाली घुसमटते, नाहीतर वरच्या सप्तकात ओरडते. बाई शिकवत असतील तर काळी चार-पाचमध्ये उलटा प्रकार होतो, आणि तेरा-चौदा वर्षांच्या, आवाज फुटत असलेल्या मुलाला तर कुठलीच पट्टी झेपत नाही. बहुतेक मुले तेव्हाच गाणे सोडतात, आणि शिक्षक म्हणतो की पोराला गळा नाही. त्या दोन वर्षांत त्याला पेटी वाजवायला, ताल धरायला, बंदिशी पाठ करायला लावले आणि हळूहळू खालच्या पट्टीत आणले, तर तो टिकतो. देवधरांनी आवाजाच्या जोपासनेचा अभ्यास करून हा विषय मराठी संगीतशिक्षकांसमोर आणला, त्याला कित्येक दशके झाली. गावातल्या शिकवणीपर्यंत तो पोचला आहे का, हे एकमेकांचे वर्ग पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

आणि चौथी गोष्ट, जिथे पियानोवाल्यांकडून थेट घेण्यासारखे आहे. पेटीवर डावा हात भात्याला जातो, त्यामुळे आपण एकाच हाताचा विचार करतो, आणि बोटे कशीही पडली तरी चालवून घेतो. आता पालक कीबोर्ड विकत आणतात आणि पेटीच्या शिक्षकाकडेच पाठवतात. दोन्ही हात, अंगठा खालून काढणे, मनगट सैल ठेवणे, यांतले त्याला कुणी शिकवलेले नसते. कार्ल फिलिप इमानुएल बाख यांनी 1753 मध्ये स्वरपट्ट्यांचे वाद्य वाजवण्याच्या खऱ्या रीतीवर ग्रंथ लिहिला, त्यात अंगठ्याला त्यांनी सगळ्या बोटांच्या मध्यभागी आणले. त्याआधी अंगठा बराचसा बाजूलाच राहत असे. संगीतकार रॉबर्ट शूमान यांचे उजव्या हाताचे बोट 1832 च्या सुमारास वादनातून कायमचे गेले. बोटांना ताकद आणण्याच्या उपकरणाने ते बिघडले असे सांगतात, कुणी आजाराचे कारण देतात. काही असले तरी चुकीच्या सरावाने हात जायबंदी होतो, हे तिकडच्या शिक्षकांनी मनावर घेतले, आणि हात कसा ठेवायचा यावर ते आजही शिबिरांतून चर्चा करतात. आपल्या मुलांची मनगटे काही वेगळ्या मातीची नाहीत.

बुवा : एवढे नेमके कुणी आधी सांगितले नव्हते. वह्यांचा आणि पट्टीचा मुद्दा मी मान्य करतो. पण शिबिरे मी पाहिली आहेत, संगीताची नाही, शाळेतल्या मास्तरांची. उद्घाटन, हार, भाषणे, चहा, प्रमाणपत्र. सोमवारी वर्गात सगळे पूर्वीसारखे. दुसरी अडचण पोटाची. शिकवणीचे पैसे दिवसावर असतात. चार दिवस वर्ग बंद ठेवले तर त्या महिन्याचे गणित बिघडते. आणि तिसरी, ती उघड बोलत नाहीत : शेजारचा शिक्षक माझी मुले पळवील ही भीती. ज्याच्याशी स्पर्धा आहे, त्याच्यासमोर मी माझी उणीव कशी दाखवू?

बुवांच्या तीन आक्षेपांपैकी पहिला संशोधनानेही खरा ठरवला आहे. अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शावर्स यांनी 1980 च्या दशकात शिक्षकप्रशिक्षणावर केलेल्या कामाचा निष्कर्ष असा की नुसते सिद्धांत सांगून आणि नमुना दाखवून वर्गातले शिकवणे फारसे बदलत नाही. ते बदलते ते पुढे कुणी वर्गात येऊन सोबत राहिले, चूक दाखवली, पुन्हा करून घेतले तर. भातखंड्यांकडे गेलेल्या गवयांचेही तेच. ते परत आले तेव्हा त्यांच्याभोवती महाविद्यालय होते आणि सहकारी होते. त्यामुळे शिबिराची बाजू मांडणाऱ्याने शिबिराची मांडणीच बदलली पाहिजे, आणि मास्तरांनी तेच केले.

मास्तर : हार नको, प्रमाणपत्रही नको. प्रमाणपत्र ठेवले की ज्यांना फक्त तेच हवे ते येतील. पहिले दोन दिवस एकत्र राहायचे. प्रत्येकाने एका खऱ्या मुलाला सगळ्यांसमोर वीस मिनिटे शिकवायचे, आणि बाकीच्यांनी फक्त मुलाकडे पाहायचे : त्याने केव्हा मान डोलावली, केव्हा खांदे आवळले, केव्हा गाणे थांबवून गुरुजींच्या चेहऱ्याकडे बघितले. नंतरच्या चर्चेत शिक्षकाबद्दल बोलायचे नाही, मुलाबद्दल बोलायचे. उणीव दाखवण्याची भीती त्यानेच निम्मी होते. उरलेले दोन दिवस सलग नकोत. ते वर्षभरात वाटायचे, दर तीन महिन्यांनी अर्धा दिवस, आणि मधल्या काळात दोघा-दोघांची जोडी. तुम्ही माझा एक वर्ग पाहायला या, मी तुमचा पाहायला येतो. पैशाचे म्हणाल तर शाळेतल्या शिक्षकाला 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वर्षाला किमान पन्नास तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण सांगितले आहे, तो वेळ त्याच्या नोकरीत धरलेला असतो. घरी शिकवणी घेणाऱ्या संगीतशिक्षकाचा असा वाली नाही, म्हणून त्याचा खर्च गावाने उचलायला हवा. बोरगावात औद्योगिक केंद्र आहे, रेमंडची गिरणी आहे, बाहेरगावाहून आलेल्या कामगारांची मुले आहेत, आणि गावोगाव गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनांची सवय आहे. वाद्ये, जेवण आणि झोपायला जागा, एवढेच लागते. मुले पळवण्याची भीती मात्र बोलून जाणार नाही. ती दोन वर्षे एकमेकांचे वर्ग पाहिल्यावर आपोआप कमी होईल, किंवा होणार नाही. तेवढा धोका पत्करावा लागेल.

बुवा : आणि माझ्या तालमीचे काय? दोन दिवसांनंतर सगळ्यांनी एकसारखे शिकवायचे ठरले तर?

मास्तर : वही सगळ्यांची सारखी असावी, पट्टी मुलाच्या गळ्याची असावी, मनगट सैल असावे. एवढेच एकसारखे. बंदिश तुमची, लय तुमची, खंजिरीचा ठेका तुमचा. उलट तुमचा ठेका दुसऱ्या गावच्या शिक्षकाने ऐकावा म्हणूनच तुम्ही यायला हवे.

बुवांचे समाधान पूर्ण झाले असे मी म्हणणार नाही. घराण्याच्या तालमीत एक गोष्ट अशी असते की ती सांगून कळत नाही, दाखवूनही पटकन कळत नाही. ती सहवासातच मिळते, आणि कुठलेही शिबिर तिची जागा घेणार नाही. पण आज गावातली बहुतेक मुले तशा सहवासात नसतात. ती आठवड्यातून दोन-तीन तास शिकवणीला येतात, आणि पुढे परीक्षेला बसतात किंवा सोडून देतात. त्या मोजक्या तासांत त्यांची पट्टी चुकू नये, कान बिघडू नये, वही चुकीची वाचली जाऊ नये, हे शिबिराने साधते. एवढे साधणेही थोडे नाही.

जागा बोरगावच का, यालाही कारण आहे. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती. नंतर ती भोपाळ झाली, पण घरातली भाषा मराठीच राहिली. तेव्हापासून इथला संगीतशिक्षक दोन्हीकडून थोडा दूर पडला. महाराष्ट्रातले मेळावे त्याला परराज्यातले, आणि मध्य प्रदेशातले हिंदीत चालणारे. 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्यात कलाशिक्षणाच्या सवयी अजून घट्ट झालेल्या नाहीत, त्यामुळे सुरुवात करायला हीच वेळ बरी. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचे बोरगाव महाराष्ट्रातल्या सावनेरच्या शिक्षकांनाही जवळ आणि सौंसरच्या शिक्षकांनाही. भाषा मराठी ठेवावी, आणि ज्यांना हिंदी सोयीची त्यांच्यासाठी हिंदीही चालू द्यावी.

वेळ जूनच्या पहिल्या आठवड्याची धरावी. नवतपा संपलेला असतो, उन्हाळी सत्राच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, शाळा उघडायला आणि पेरणीला अजून अवकाश असतो. सौंसर, पांढुर्णा आणि सावनेर या तीन तालुक्यांतल्या पेटी, कीबोर्ड आणि गाणे शिकवणाऱ्यांनी, मग त्यांच्याकडे पाच मुले असोत की पन्नास, आपल्या विद्यार्थ्यांच्या वह्या घेऊन यावे. बुवांनी जरूर यावे, आणि पहिला वर्ग त्यांनीच घ्यावा.